दोन कानांचा गंधार

खोलीत आवाज करणाऱ्या वस्तू पाच होत्या. अधूनमधून करकरणारा छताचा पंखा, भिंतीपलीकडचा घरमालकिणीचा मिक्सर, बाथरूममधला गळका नळ, खाली रस्त्यावर चालू ठेवलेला हळदीच्या पोत्यांचा टेम्पो आणि टेबलावरची तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी. सोनियानं डोळे मिटून मोजले तर आवाज सहा भरले. तिनं पंखा बंद केला, नळ आवळला. मिक्सर थांबला, टेम्पो आपसूक निघून गेला. आता एकच वस्तू वाजत होती आणि आवाज दोन येत होते. एक नेहमीचा, गोल, पांढरी सहा पट्टीचा. दुसरा त्याच्या डोक्यावर बसल्यासारखा, अर्ध्या सुरानं चढा, पत्र्याच्या डब्यात कोंडलेला. दोन्ही एकमेकांवर घासत होते आणि त्या घासण्यातून एक किरकिर सारखी उमटत होती, जणू दोन माणसं एकाच वेळी एकच वाक्य बोलतायत आणि एकमेकांना थांबायला सांगतायत. पेटी बिघडली असं वाटून तिनं ती हलवली, बंद करून चालू केली. मग कशासाठी ते न कळता डाव्या कानात बोट घातलं. चढा आवाज गेला. बोट काढून उजव्या कानात घातलं. खरा आवाज गेला. तिनं बोट काढलं आणि त्याच्याकडे बघत बसली. नखाच्या कडेला कालची हळद होती.

आठवड्यापूर्वीची सर्दी तेवढी आठवली. बाकी काही झालेलं नव्हतं. पडली नव्हती, कान कोरला नव्हता. ती भौतिकशास्त्राची पदवीधर होती, सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या प्रयोगशाळेत हळदीचे नमुने तपासायची, आणि एखादं यंत्र दोन आकडे दाखवायला लागलं तर काय करायचं हे तिला ठाऊक होतं. आधी चूक किती आहे ते मोजायचं. तिनं मोबाइलवर सूर काढणारं अॅप उघडलं, उजव्या कानात २२० चा सूर सोडला, डाव्या कानातला सूर हळूहळू खाली आणत गेली आणि दोन्ही कानांना तो एक वाटला तिथं थांबली. २०८. म्हणजे डावा कान येईल ते सगळं पूर्ण अर्ध्या सुरानं चढवून सांगत होता. आकडा मिळाल्यावर नेहमी मिळतं ते समाधान या वेळी मिळालं नाही. एरवी आकडा बाहेरच्या वस्तूचा असायचा. आज यंत्र तीच होती.

कामावर दिवसभर जग दुहेरी वाजत राहिलं. रिक्षाचे हॉर्न भांडत होते, दाराच्या घंटीला अस्तर लावल्यासारखं झालं होतं, शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली की तिच्यामागं आणखी कुणी तरी पातळ हसायचं. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरची वाकडी रेघ दाखवली. डाव्या कानाला खालचे सूर कमी पोचतायत, म्हणाले. गोळ्या देतो. बहुतेकांचं सुधारतं.

"बहुतेक म्हणजे किती?" सोनियानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सायन्सच्या का तुम्ही?"

"हो."

"मग सांगतो. निम्म्यापेक्षा जास्त. तुम्ही कुठल्या निम्म्यात ते पंधरा-वीस दिवसांनी कळेल. गाणं वगैरे करता का?"

ती नाही म्हणाली. का म्हणाली ते तिला जिन्यातही कळलं नाही आणि रस्त्यावर आल्यावरही. संध्याकाळी माण तालुक्यातल्या घरून आबांचा फोन आला. तिनं तो सवयीनं डाव्या कानाला लावला आणि बापाचा भरड आवाज एखाद्या पोरगेल्या माणसाचा होऊन आला. दचकून तिनं कान बदलला. आबांना सगळं सांगितलं, कारण आबांना घाबरायचं काही कारण नव्हतं.

"दोन कानानं दोन ऐकू येतंय?" आबा म्हणाले. "मग लय झ्याक की. एका कानानं आमचं ऐक, दुसऱ्या कानानं तुज्या बाईचं."

"आवं आबा, चेष्टा न्हाई. पाडव्याच्या रविवारी गायचं हाय मला साताऱ्यात."

"दुखतंय व्हय?"

"न्हाई."

"मग बाईला सांगितलंस का?"

पलीकडून मेंढरांचा कालवा येत होता, आणि आबा तोंडानं चक चक करत कुठल्या तरी हट्टी मेंढीला वळवत होते. "सांग बाई," ते म्हणाले. "खुरात काटा घुसलेलं मेंढरू लपूनच बसतंय. आमीच हुडकायचं मग."

सांगायचं होतं विनोदिनीबाईंना. सोनिया अकरावीला साताऱ्याच्या वसतिगृहात आली तेव्हा चिमणपुऱ्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून येणारा आवाज ऐकून रस्त्यात उभी राहिली होती, आणि वरून एका बाईनं वाकून विचारलं होतं, "काय गं, कुणाला शोधतेस?" "कुणाला न्हाई. ऐकतीय." "काय ऐकतेस?" यावर ती म्हणाली होती, "तुमी चढताना येक जागा गाळताय आन् उतरताना घेताय." बाईंनी तिला वर बोलावलं. पुढं तिच्या बोलण्यातले न्हाई आणि व्हय शहरातल्या माणसांपुरते गळून गेले, पण शिकणं त्या पहिल्या वाक्यासारखंच राहिलं. बाईंच्या घरी महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी पाच-सहा माणसं जमायची. बाई एक राग निवडायच्या आणि त्याची वेगवेगळ्या गायकांनी गायलेली ध्वनिमुद्रणं लावायच्या. गायकाचं नाव सांगायच्या नाहीत. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, 'वा' म्हणायचं नाही, मान डोलावली तरी बाई बघायच्या. गायकानं काय केलं ते सांगायचं. सगळ्यांचं सांगून झालं की मग नाव. सोनियाला हे पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं होतं, आणि पुढं प्रयोगशाळेत लागल्यावर तर फारच. तिथंही पोत्यावरची चिठ्ठी काढून नमुन्याला नुसता क्रमांक देतात, कुणाची हळद आहे ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून.

त्या पहिल्या रविवारी तोडी होता. एकच बंदिश, तीन गायक. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही खाली असतो एवढं तिला शिकवलेलं होतं. पण एक जण त्या गंधाराकडे अंधारात पायरी चाचपडावी तसा खालून जात होता. दुसरी एक बाई थेट त्याच्यावर येऊन बसायची आणि हलायची नाही. तिसरा त्याला शिवायचाच नाही, आजूबाजूचे सूर असे लावायचा की तो न लागलेला गंधार खोलीत उभा राहायचा. सोनियाला त्या रात्री, आणि नंतरचे कित्येक दिवस, त्रास झाला. तीन मोजण्या, तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. कॉलेजात तिनं लंबकाचे प्रयोग केले होते. तिथं तीन उत्तरं आली तर सरासरी काढतात. या तिघांची सरासरी काढली असती तर काय राहिलं असतं? कुणीच न गायलेला एक गंधार. हळूहळू तिला त्या त्रासाचीच गोडी लागली. साताऱ्याच्या जवळ राहता यावं म्हणून तिनं हैदराबादची मोठ्या प्रयोगशाळेतली जागा नाकारली, सांगलीची धरली. संक्रांतीला बाई तिळगूळ देता देता म्हणाल्या होत्या, "पाडव्याच्या रविवारी यंत्र बंद. तोडी तू गायचास." आणि ती हो म्हणाली होती.

आता तिच्या स्वतःच्या दोन कानांची दोन उत्तरं होती. तीन गायकांची तीन उत्तरं म्हणजे तीन समजुती, मग दोन कानांची दोन उत्तरं म्हणजे नुसता बिघाड का? या प्रश्नाशी ती रविवारच्या एसटीत बसून होती. डाव्या कानात कापसाचा बोळा, त्यावरून केस. बोळ्यामुळे जग एकेरी झालं होतं पण सपाटही. कोण कुठून बोलतंय ते कळत नव्हतं. कराडला बस थांबली, एक बाई शेजारी बसून काही तरी विचारायला लागली आणि सोनिया भलत्याच बाजूला वळून "हो" म्हणाली. बाईनं जरा सरकून पिशवी मांडीवर घेतली. उंब्रजच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर, मग डोंगर जवळ येत गेले. ती मनात वाक्यं जुळवत होती. बाई, पाडव्याला माझं जमेल असं वाटत नाही. ऑफिसात काम आहे. हळदीचा हंगाम आहे. हे सगळं खरंच होतं, म्हणून जास्त खोटं वाटत होतं.

बाईंच्या घरी दोघंच आले होते. गोपाळकृष्णकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त, कंदी पेढ्यांचा पुडा आणि 'आमच्या वेळी' घेऊन येणारे. आणि कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे इंद्रजित सर, ज्यांनी स्वतः बांधलेले स्पीकर बाईंच्या कपाटावर होते आणि ज्यांना कुणीही हात लावलेला चालत नसे. बाईंनी तोडी लावला. एका गायकाचा, मग चहा, मग दुसऱ्याचा, असं ठरलं. पहिला सोनियानं उजव्या कानानं ऐकला. बोळ्याआडूनही गायक कळत होता. गंधाराकडे तो खालून, रिषभाला धरून धरून जायचा आणि पोचल्यावर क्षणभर थकल्यासारखा थांबायचा. तिला बरं वाटलं, आपलं अजून चालतंय असं वाटलं. आणि याच बरं वाटण्यानं घात केला. चहाच्या वेळी कप ठेवायला ती आत गेली आणि तिथं एकटी असताना तिच्यातली जुनी खोड जागी झाली. डावा कान अख्ख्या गाण्याचं काय करतो ते तिनं अजून पाहिलंच नव्हतं. नुसते सूर मोजले होते. तिनं बोळा डाव्या कानातून काढला आणि उजव्यात घातला. ओट्यावरच्या आरशासारख्या घासलेल्या पातेल्यात स्वतःकडे बघत केस सारखे केले.

दुसरा गायक सुरू झाला आणि तिला पाणी आत शिरल्यासारखं झालं. आवाज लांबचा, पातळ, तारेवर चढवलेला. तंबोरा म्हणजे नुसता गंज. पहिल्यांदा तिला उठून जावंसं वाटलं. मग तिनं बाईंनी शिकवलं तेच केलं, आवाज सोडून दिला, षड्ज धरला, आणि षड्जापासून गंधार किती लांब आहे तेवढंच ऐकत राहिली. त्या गंजातून एक वाट दिसायला लागली. कुणी तरी खालून येत होतं, रिषभाला धरून धरून.

"हं," बाई म्हणाल्या. "इंद्रजित."

"पहिला हिशोबी," इंद्रजित सर म्हणाले. "दुसरा मोकळा. दुसऱ्यानं गंधार आणखी खाली नेला. स्पष्ट कळतंय."

"गोपाळराव?"

"दुसरे वयस्क आहेत. दम पुरत नाही, पण भाव किती. पहिल्यात तो नाही. आमच्या वेळी असे गाणारे—"

"आमच्या वेळी नंतर. सोनिया?"

"दुसऱ्यांची पट्टी अर्ध्या सुरानं चढी आहे," सोनिया म्हणाली. "आवाजाला घेर नाही. तंबोराही वेगळा, धातूचा. पण गंधार दोघांचा एकाच जागी आहे. जायची वाटही तीच, खालून. पोचल्यावर थांबणंही तेच. दोघं एकाच गुरूकडे शिकलेले असणार."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "दोन्ही वेळेला एकच ध्वनिमुद्रण होतं."

इंद्रजित सर आपल्या स्पीकरकडे वळले, जणू त्यांनी फितुरी केली होती. मग गोपाळकृष्णकाका पेढ्याचा पुडा सोडत म्हणाले, "म्हणजे आपला चहा होईस्तोवर बुवा म्हातारे झाले म्हणायचं."

"आणि मोकळेही झाले," बाई म्हणाल्या. "वर्षातून एखादे वेळी मी हे करते. कान जागे आहेत की आपलं आपणच बोलतोय ते बघायला. रागावू नका सर, पेढा घ्या."

हसणं झालं. सोनिया हसली नाही. त्या दोघांची चूक मनाची होती. पहिल्याहून दुसरं वेगळं असणारच, म्हणून ते वेगळं ऐकू आलं. आपली चूक तशी नाही हे तिला माहीत होतं, आणि बाईंनाही ते कळलंय हे त्या पाहण्यातून तिला कळलं होतं. बाई उठून आत गेल्या आणि तिथून हाक आली, "सोनिया, जरा डबा काढून दे गं वरचा." वर डबा नव्हता.

"तुझी पट्टी चुकत नाही," बाई दार लोटत म्हणाल्या. "ताप असला तरी चुकत नाही. काय झालंय?"

सोनियानं उजव्या कानातला बोळा काढून ओट्यावर ठेवला. मग सगळं सांगितलं. २०८, वाकडी रेघ, निम्मे लोक, डॉक्टरांना नाही म्हटलं तेही. सांगताना तिचा स्वतःचा आवाज तिला दोन माणसांचा येत होता आणि त्यातलं कोण रडायच्या बेतात आहे ते ठरवता येत नव्हतं. "पाडव्याला मी गाऊ शकणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मला षड्जच दोन आहेत."

बाईंनी त्या बोळ्याकडे पाहिलं. "मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "माहितीये तुला? वाफ दिसते, तिच्यावरून मोजते. वरचे सूर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तबल्याच्या कडेवरची चाट मला वाजवणाऱ्याच्या बोटांवरून कळते. कुणाला सांगितलं नाही, गोपाळराव गावभर करतील."

"पण तुम्ही तर सगळं—"

"सगळं नाही. जे येतं ते नीट. तू आत्ता काय बोललीस ते तुझ्या लक्षात आलंय का? इंद्रजितनं धडधाकट दोन कानांनी ऐकून गंधार हलवला. तू बिघडलेल्या कानानं ऐकून तो हलवला नाहीस. पट्टी चुकली, आवाज चुकला, तंबोरा चुकला. गंधार नाही चुकला."

हे सोनियाला स्वतःच दिसायला हवं होतं. डावा कान षड्ज चढवत होता तसाच गंधारही चढवत होता, अंतर तेच राहत होतं. सगळी मोजपट्टीच सरकली होती, तिच्यावरच्या खुणा एकमेकींपासून हलल्या नव्हत्या. निदान या सुरांपुरत्या तरी नव्हत्या. आठवडाभर ती दोन कानांची तुलना करत बसली होती, आणि बाईंनी आजवर एकदाही, दोन गायक कुठल्या पट्टीत गातात याची तुलना करायला सांगितलं नव्हतं.

"कापूस घालूनच गा," बाई म्हणाल्या. "पण कुठल्या कानात ते मला सांगू नकोस. आणि ते मोजायचं बंद. रोज उकरून बघितलेलं बी उगवत नाही गं."

न मोजणं गोळ्यांपेक्षा कडू होतं. सकाळी मोबाइल हातात यायचा आणि ती तो उशीखाली ठेवून पेटी लावायची. एक दिवस डाव्या कानाचा रियाज, एक दिवस उजव्याचा. डाव्या कानात तिचा आवाज तिचा नव्हता. चिरका, परका, कुणा गावाकडच्या पोरीचा, जी रस्त्यात उभी राहून वर बघत होती. हिचं गाणं ऐकायला सोनिया हळूहळू शिकली. ती पोर गंधाराकडे जरा घाईनं जायची, पण थेट जायची. उजव्या कानातली सोनिया तिथं चाचपडत, विचार करून पोचायची. गळा एक, वाट एक, आणि तरी दोघींचं गाणं एक नव्हतं. या दोघींना एकेका रविवारी नाव न सांगता लावलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, असा खेळ ती आंघोळ करताना, नमुने दळताना, आयर्विन पुलावरून चालताना खेळायची. भीती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी बसायला आता दुसरं काही तरी होतं.

पाडव्याच्या रविवारी बाईंच्या घरी तबलजी धरून सातजण होते. इंद्रजित सरांनी स्पीकरवर कापड टाकलं होतं. सोनियानं बोळा आत घालून केस सोडले आणि खऱ्या तंबोऱ्याच्या शेजारी बसली. पहिला षड्ज आला, रिषभ आला. गंधाराशी ती तीनदा पोचली, आणि तिसऱ्यांदा तिथं उभी असताना तिला उगाचच वाटलं की आता दोघींनी एकत्र गायला हरकत नाही. विलंबितात समेवर येऊन तबला पुढं सरकत असताना तिनं केस सारखे केल्यासारखं करून बोळा काढला. दोन्ही कानांतले तंबोरे आत आले. ते अजून दोनच होते. पण घासत नव्हते. जवळ जवळ उभे राहून थरथरत होते. ती गात राहिली.

संपल्यावर कुणी छान म्हणालं नाही. "खालून गेली," गोपाळकृष्णकाका म्हणाले. "पहिल्यांदा चाचपडत. नंतर नाही. मध्येच काही तरी बदललं, काय ते मला सांगता येत नाही."

"गंधार हलला नाही," इंद्रजित सर म्हणाले. मग जरा थांबून, "या वेळी मी खात्रीनं सांगतोय."

"तुमची खात्री आम्ही पाहिलीय," काका म्हणाले.

बाई तंबोऱ्याला गवसणी घालत होत्या. सोनिया वाकून मदत करायला लागली तशी त्या हळूच म्हणाल्या, "डाव्या कानात होता."

"शेवटी कुठल्याच नव्हता बाई," सोनिया म्हणाली आणि मूठ उघडून बोळा दाखवला.

बाईंनी तो घेतला आणि गवसणीच्या खिशात टाकला. "आता मोज हवं तर."

संध्याकाळी सांगलीच्या खोलीत आल्यावर तिनं आबांना फोन लावला, उजव्या कानाला, आणि बोलता बोलता डाव्याला. "कुठल्या कानानं बोलतीयास?" आबांनी विचारलं. "वळखा," ती म्हणाली. "दोन्हीकडनं मलाच वळखतीयास न्हवं, मग झालं," आबा म्हणाले. फोन ठेवून तिनं पंखा बंद केला, नळ आवळला, खालचा टेम्पो जायची वाट पाहिली. मग उजव्या कानात सूर सोडला आणि डाव्या कानातला हळूहळू खाली आणत गेली.

उजवा २२०. डावा २१८.